कुणाला लागलं?

ठोकलेली गाडी शेडमध्ये आली की सिद्धाप्पा आधी गाडीकडं बघायचा नाही, माणसाकडं बघायचा. गिऱ्हाईक सांगत असायचं, दार असं आत गेलंय, मडगार्ड चाकाला घासतंय, कधी मिळेल. सिद्धाप्पा सगळं ऐकून घ्यायचा आणि विचारायचा, "कुणाला लागलं?"

"न्हाय ओ, कुणाला काय न्हाय. खांबाला घासली."

"बघून आलासा का?"

"काय, खांब?"

"कुणाला लागलं न्हाय ते."

गिऱ्हाईक हसायचं. सिद्धाप्पा हसायचा नाही. उत्तर मिळेपर्यंत तो गाडीला हात लावत नसे. पुष्कळ लोकांना त्याचा राग यायचा. उद्यमनगरात पत्र्याचं काम करणारे काय कमी आहेत? लोक गाडी वळवून पुढच्या शेडला जायचे.

माझं दुकान त्याच्या शेजारी. गाड्यांची सीटं शिवायचं हे काम माझ्या वडिलांचं. त्यांची नजर अधू झाली तेव्हा मी मशीनवर बसले आणि उठलेच नाही. आमच्या दोघांच्या मध्ये भिंत होती तीही पत्र्याचीच. सिद्धाप्पाचा हातोडा सुरू झाला की माझ्या बाजूला खिळ्याला अडकवलेली कात्री थरथरायची. त्या आवाजावरनं मला कळायला लागलं होतं, आज दार आहे की छप्पर, काम सरळ चाललंय की पत्रा ऐकत नाही.

तो गडहिंग्लजच्या पलीकडचा. तिथं घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी. बायको गावाकडं शेतात, हा इथं शेडच्या माळ्यावर. उंच, खांद्यात वाकलेला. डोक्यावर पांढरी टोपी, वेल्डिंग करतानासुद्धा. एक भुवई कधीतरी जळली होती ती परत नीट उगवलीच नाही, त्यामुळं तो नेहमी काहीतरी विचारतोय असं वाटायचं. मला तो 'तंगी' म्हणायचा, म्हणजे कानडीत धाकटी बहीण. "तंगी हाय शेजारी, तितं इचारा," असं तो सीटाच्या गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि एकदा एक पुण्याचा माणूस माझ्याकडं येऊन फार सहानुभूतीनं म्हणाला, "तुमच्याकडे सध्या जरा ओढाताण चालू आहे असं कळलं." मी आणि दिलावर किती दिवस त्यावर हसत होतो. दिलावर म्हणजे सिद्धाप्पाचा पेंटर. सिद्धाप्पा पत्रा सरळ करायचा आणि दिलावर त्यावर रंग मारायचा. दोघांचं आयुष्य असंच एकमेकांच्या मागं पुढं गेलेलं.

कामाला लागायच्या आधी सिद्धाप्पा जेवायला बसावं तसे हात स्वच्छ धुवायचा. मग डावा तळवा पत्र्यावर ठेवून सावकाश फिरवायचा. त्या वेळी त्याची नजर पत्र्यावर नसायची, वर शेडच्या आढ्याकडं असायची. उजवा हात का नाही, असं मी एकदा विचारलं.

"उजव्याला हातोडी धरून धरून आता काय कळत न्हाय तंगी. त्यो नुस्ता नोकर हाय. खरं काय ते डावा सांगतो."

पत्र्याबद्दल तो माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचा. पत्र्याला सवय असते, एकदा वाकला की तिथंच परत वाकायला बघतो. पत्र्याला घाई चालत नाही. आणि पोचे काढायचे ते उलट्या क्रमानं. धडकेत जो शेवटी आला तो आधी काढायचा, जो पहिल्यांदा बसला तो सगळ्यात शेवटी. "न्हायतर पत्रा ताणतो, आन मग आयुष्यभर टक् टक् वाजतो," असं म्हणून तो अंगठ्यानं दाबून दाखवायचा. ताणलेला पत्रा गॅसनं लालबुंद करून त्यावर ओलं फडकं दाबलं की चर्र आवाज होऊन पत्रा आकसायचा. हे काम बघायला मी शिवण टाकून जायचे.

गंजाचा त्याला राग होता, पण लांबीचा त्याहून जास्त. लांबी म्हणजे रंगाखाली भरतात तो लगदा. खड्डा असो, भोक असो, लांबी भरून घासली आणि वर रंग मारला की गाडी नवी दिसते. एक निवृत्त मास्तर होते, त्यांची जुनी गाडी. दुसरीकडून नुकतीच रंगवून आणलेली, पण दार नीट बसत नाही म्हणून सिद्धाप्पाकडं आले. सिद्धाप्पानं दाराखालच्या पट्टीवर लोहचुंबक लावलं. ते चिकटलं नाही, खाली पडलं.

"मास्तर, हितं गाडी न्हाय," तो म्हणाला. "हितं नुस्ता चिखुल हाय."

त्यानं स्क्रू ड्रायव्हर टेकवला तो आरपार गेला. पायाखालचं रबर उचललं, तर पुढच्या डाव्या सीटसमोर तळातून शेडची जमीन दिसत होती. मास्तर वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "आमची मंडळी तिथं पाय ठेवायची. शेवटपर्यंत तिला घेऊन दवाखान्यात ह्याच गाडीतनं जात होतो." सिद्धाप्पानं त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला. पुढं बरेच दिवस तो त्या गाडीखाली होता. गंजलेलं सगळं कापून चांगल्या पत्र्यापर्यंत गेला, नवा तळ घडवला, थोडं थोडं टाकत वेल्डिंग केलं. मास्तर रोज यायचे आणि बसायचे. त्यांना गाडी विकायची होती. नंतर त्यांनी विकली नाही.

महापूर आला त्या वर्षी पाणी उतरल्यावर आमची गल्ली बुडालेल्या गाड्यांनी भरून गेली. सगळ्या एकाच रंगाच्या, गाळाच्या. सिद्धाप्पा एकेक दार उघडून आतलं अस्तर काढायचा, की दाराच्या पोटातनं चिखल भदाभदा खाली यायचा. त्या चिखलात काय काय असायचं. कुणाचा चष्मा, लहान मुलाचा एक बूट, देवाचा टाक, औषधाच्या पट्ट्या. तो एकही वस्तू टाकत नसे. धुऊन, पिशवीत घालून पिशवी त्या त्या गाडीच्या स्टेअरिंगला बांधायचा. त्याचं जेवणसुद्धा तेव्हा नीट होत नव्हतं. मी म्हटलं, अण्णा, ज्याचं त्याला नको असेल तर? तो म्हणाला, "नगं आसंल तर त्यानं टाकावं. म्या कोण टाकनारा?"

हे सगळं असं सांगितलं की माणूस मोठा सालस वाटतो. पण त्याच्याजवळ राहिलं की त्याची भीतीही वाटायची. एकदा एक तरुण पोरगा आला, पुढचं मडगार्ड चेपलेलं. "कुणाला लागलं?" "कुणाला न्हाय, कंपाउंडला घासली." सिद्धाप्पाचं समाधान झालं नाही. त्यानं त्या पोराला स्वतःच्या स्कूटरवर मागं बसवलं आणि कळंब्याच्या पुढं ते कंपाउंड होतं तिथं घेऊन गेला. भिंतीवरचा रंगाचा ओरखडा बघितला, बोटानं खरवडला, भिंतीपलीकडच्या घरात जाऊन विचारलं, आणि मग परत येऊन कामाला हात घातला. पोरगा दिलावरला म्हणाला, "काका, ह्यांचं डोकं ठिकानावर हाय न्हवं?" दिलावर नुसता रंग ढवळत राहिला. एरवी दिलावरला बोलायला निमित्त लागत नसे.

आणखी एक गोष्ट. रंग मारताना काचांवर रंग उडू नये म्हणून पेंटर लोक जुनी वर्तमानपत्रं चिकटवतात. सगळीकडं तसंच असतं. सिद्धाप्पाच्या शेडमध्ये वर्तमानपत्राला बंदी होती. दिलावर बाजारातनं तपकिरी कोरा कागद आणायचा. कधी एखादं भजी बांधून आलेलं पान शेडमध्ये पडलेलं दिसलं तर सिद्धाप्पा ते न बघता चुरगाळून बाहेर टाकायचा. मला वाटायचं, असेल एखाद्या माणसाची तऱ्हा.

ती तऱ्हा नव्हती हे मला कळलं ते एका निळ्या गाडीमुळं.

गडहिंग्लजच्या एका तरुण शेतकऱ्यानं ती जुनी गाडी कुणाकडून तरी हौसेनं घेतली होती. सीटं फाटलेली म्हणून माझ्याकडं, आणि बॉनेटला गंजाचे फोड आले होते म्हणून सिद्धाप्पाकडं. अपघाताची गाडी नव्हती, त्यामुळं त्यानं काही विचारलं नाही. मी आत टेपनं सीटाचं माप घेत होते. समोर काचेतून मला सिद्धाप्पा दिसत होता. त्यानं हात धुतले, डावा तळवा बॉनेटवर ठेवला, वर आढ्याकडं बघत फिरवायला लागला. डाव्या कोपऱ्याशी आला आणि तापल्या तव्याला लागावा तसा त्यानं हात मागं घेतला.

"तंगी, खाली उतर," तो म्हणाला.

मी उतरले. त्यानं पॉलिश पेपर घेतला आणि तो कोपरा घासायला लागला. निळ्याखाली दुसरा रंग निघाला, त्याच्याखाली पांढरा, मग पातळशी लांबी, मग उघडा पत्रा. पत्र्यावर हातोडीच्या बारीक बारीक खुणा होत्या, माशाच्या खवल्यासारख्या, ओळीनं. मलासुद्धा कळलं, ते त्याचंच काम होतं.

सिद्धाप्पा शेडच्या जमिनीवर बसला. दिलावर आतून आला, त्यानं बॉनेट बघितलं आणि तोही पायरीवर बसला. मग सिद्धाप्पा बोलायला लागला, ते माझ्याकडं बघून नाही.

ही गोष्ट मी दुकानात यायच्या आधीची होती. उसाचा सीझन चालू होता. राधानगरीकडचा एक माणूस ही गाडी घेऊन आला. गाडी तेव्हा पांढरी होती आणि पुढनं ताडपत्री बांधलेली. तो म्हणाला, म्हैस आडवी आली.

"म्हस लागली की खालनं लागती तंगी," सिद्धाप्पा सांगत होता. "रुंद लागती. केसं चिकटत्यात. ह्यो पोचा तसला नव्हता. ह्या कोपऱ्याला एक, आन वर काचंजवळ दुसरा, पसरट. म्या हात फिरीवला तवाच डावा हात म्हनला, ह्ये जनावर न्हवं. काचंखालच्या पन्हाळीत उसाच्या शेंड्याचं वाडं अडकलं हुतं, हिरवंगार. आन बांगडीचा तुकडा."

"मग?"

"मग काय? म्या म्हनलं, बांगडी त्याच्या बायकूची आसंल. वाडं कुठं बी अडकतंय. आपुन पत्र्याचं मानूस. बसलो ठोकत." त्यानं तोंडावरनं हात फिरवला. "आन लई चांगलं काम झालं. त्या कोपऱ्यावर बोट फिरीवलं तर कुनाला सांगता आलं नसतं, हितं काय झालतं."

मग दिलावरनं रंगासाठी काचांवर वर्तमानपत्रं चिकटवली. सिद्धाप्पाला तेव्हा ती शिळी पानं वाचायची सवय होती, विडी ओढत तो गाडीभोवती फिरत बातम्या वाचायचा. त्या दिवशी पुढच्या काचेवर डाव्या बाजूला एक छोटी बातमी होती. बिद्रीच्या पुढं एका वाडीजवळ अज्ञात वाहनाच्या धडकेनं एक बाई जागीच ठार. बाईचं नाव हौसाबाई. गावाचं नाव.

"त्याच गाडीच्या काचंवर तंगी. म्या वाचलं आन दिलावरला दावलं."

"मी म्हनलो, गप बस," दिलावर पायरीवरून म्हणाला. "माझी पोरं ल्हान हुती. मी म्हनलो, पोलीस आपल्यालाच बसवून ठेवतील."

"त्येचा दोष न्हाय," सिद्धाप्पा म्हणाला. "त्यो नसता म्हनला तरी म्या गप बसलो आसतो."

गाडीवाला येऊन गाडी घेऊन गेला. सिद्धाप्पानं त्याला चावी दिली. जाताना तो माणूस म्हणाला होता, "कळत बी न्हाय ओ काय झालतं ते." त्या दिवसापासून सिद्धाप्पा प्रत्येक ठोकलेल्या गाडीला तो प्रश्न विचारायला लागला होता.

बॉनेट मागच्या बाजूनं गंजानं पार खाल्लं होतं. त्या तरुणाला सिद्धाप्पानं दुसऱ्या गाडीचं चांगलं बॉनेट शोधून आणून बसवून दिलं आणि जुनं ठेवून घेतलं. गाडी गेली. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडनं ठोकण्याचा आवाज सुरू झाला तो मला ओळखीचा वाटेना. एरवी पत्र्याला आतून टेकू असतो, त्याचा आवाज कोरडा, टणक येतो. हा आवाज पोकळ होता. मी जाऊन बघितलं. सिद्धाप्पानं ते बॉनेट वाळूच्या पोत्यावर पालथं नाही, सरळ ठेवलं होतं, गाडीवर असतं तसं. आणि लाकडी हातोड्यानं तो वरून ठोकत होता. पोचा काढत नव्हता, पाडत होता.

"अण्णा, हे काय?"

"पैला कोपऱ्याचा," तो म्हणाला. "मग ह्यो वरचा. ज्या क्रमानं बसलं त्या क्रमानं."

"इतक्या वर्षांनी तुम्हाला आठवतोय तो?"

"गाडीतनं काढला, पर गेला कुठं? रोज दिसतोय." तो ठोकायचा थांबला, डाव्या हातानं चाचपून बघितलं, आणखी दोन ठिकाणी दाबलं. मग हातोडा खाली ठेवला. "आसाच हुता," तो म्हणाला. "दिलावर, बघ. आसाच हुता न्हवं?"

दिलावर बघायला आला नाही. तो रडत होता.

सिद्धाप्पा आधी पोलिसांकडं गेला. तिथल्या साहेबांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, जबाब लिहून घेतला. चौकशी केली, तर गाडीचा तो मूळ मालक आजारपणात केव्हाच वारला होता. साहेब चांगला माणूस होता, पण शेवटी तो म्हणाला, "मामा, तुमीच काढलेला पोचा, तुमीच परत पाडला, आन तुमीच पुरावा म्हनून घिऊन आलासा. मी ह्येचं काय करू?"

तेव्हा सिद्धाप्पा माझ्याकडं आला. "तंगी, तू चल माझ्यासंगं. बाईमानसाचं घर आसंल. म्या एकटा कुठल्या तोंडानं जाऊ?"

आम्ही टेम्पो केला. मागं बॉनेट, वर गोधडी टाकून दोरीनं बांधलेलं. बिद्री मागं पडली, मग रस्ता अरुंद झाला. दोन्ही अंगांना ऊस, उसाच्या पलीकडं ऊस. रस्त्याच्या कडेला जेमतेम एक माणूस चालेल इतकी मातीची पट्टी. सिद्धाप्पा सगळा वेळ त्या पट्टीकडं बघत होता.

हौसाबाईचं घर रस्त्यालाच लागून होतं. दारात एक म्हैस, आणि तिच्यापुढं वैरण टाकत असलेली एक बाई, माझ्याच वयाची. "कोन पावणं?" तिनं विचारलं.

"हौसाबाईंचं घर ह्येच न्हवं?"

ती थांबली. "म्या त्यांची लेक. शालन. आईला जाऊन लई वरसं झाली की."

सिद्धाप्पानं आणि टेम्पोवाल्यानं बॉनेट उतरवलं आणि भिंतीला उभं केलं. सिद्धाप्पानं गोधडी काढली. मग डोक्यावरची टोपी काढली. मी त्याला विनाटोपी पहिल्यांदा बघितलं. त्यानं सांगायला सुरुवात केली, गाडी आली तिथपासून, काही न गाळता. शालन हातात वैरणीची पेंढी धरून उभी होती. तो गप्प झाला तेव्हा ती जे बोलली ते आम्हाला माहीत नव्हतं.

"तिनं जीव दिला म्हनत्यात," शालन म्हणाली.

"आं?"

"वैरणीचा, वाड्याचा भारा उसाच्या बांधाला पडला हुता. आन ती रस्त्यात. लोक म्हनली, तिनं भारा उतरून बाजूला ठिवला आन गाडीखाली गेली. त्या दिशी सकाळी आमचं भांडान झालतं. माझ्या लग्नावरनं. ती म्हनली हुती, मी मेल्यावर कळंल तुला."

म्हैस वैरणीसाठी तिच्या हाताला डोकं घासत होती. शालनला ते कळत नव्हतं.

सिद्धाप्पा बॉनेटजवळ गेला. त्यानं डावा हात कोपऱ्यावर ठेवला. त्याचा आवाज एकदम शेडमधला झाला, काम समजावून सांगतानाचा.

"बाई, हिकडं बगा. ह्यो गाडीचा डावा कोपरा. डावा कोपरा म्हंजी रस्त्याची कड. मानूस जीव द्याला आडवं आलं तर मधी लागतं, हितं, न्हायतर त्या अंगाला. तुमची आई मातीतनं चालली हुती. गाडीच मातीत गेली. आन ह्यो वरचा पोचा बगा, पसरट. ह्यो भाऱ्याचा. भारा उतरून ठिवला आसता तर ह्यो पडलाच नसता. काचंखालच्या पन्हाळीत वाडं हुतं, हिरवंगार. म्या माझ्या हातानं काढलं. भारा डोक्यावर हुता बाई. धडक बसली, भारा गाडीवर आला आन तितनं उडून बांधाला पडला."

शालननं पेंढी खाली टाकली. ती पुढं आली आणि तिनं त्या पोच्यात हात ठेवला, पूर्ण तळवा.

"परत सांगा," ती म्हणाली.

त्यानं परत सांगितलं.

मग ती शेजारच्या घराकडं तोंड करून ओरडली, "काकू, भाईर या! समद्यास्नी बोलवा!" बायका आल्या, दोन म्हातारे आले, सायकलवरनं चाललेला एकजण उतरून उभा राहिला. "आता ह्यास्नी सांगा," शालन म्हणाली. सिद्धाप्पानं सांगितलं. आणखी माणसं आली की ती म्हणायची, सांगा. तो सांगायचा. शेवटी त्याचा आवाज फुटेना, तेव्हा ती स्वतःच सांगायला लागली, बॉनेटवर हात ठेवून, डावा कोपरा, रस्त्याची कड, भारा डोक्यावर. एक म्हातारी पदर तोंडाला लावून खाली बसली. "म्याच म्हनलं हुतं गं," ती म्हणाली, "म्याच म्हनलं हुतं, भारा उतरून ठिवला म्हनून."

गर्दी पांगली तेव्हा शालन सिद्धाप्पासमोर आली.

"ह्ये तुमाला तवाच म्हाईत हुतं?"

"व्हय."

"तवा माझा बा जिता हुता." ती ओरडली नाही. "आईनं जीव दिला ह्ये मनात धरून त्यो मेला. मरताना माझ्याशी बोलला न्हाय."

सिद्धाप्पा टोपी हातात धरून उभा होता. मला वाटलं ती त्याला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

"ह्ये हितंच ऱ्हाऊ द्या," ती बॉनेटकडं बोट करून म्हणाली, "रस्त्यावरनं जानाऱ्या येनाऱ्याला दिसू द्या. आन तुमी जावा आता. परत माझ्या दारात येऊ नगा."

येताना तो टेम्पोत पुढं बसला नाही. मागं मोकळ्या हौद्यात, गोधडीवर बसून आला.

त्यानंतर तो शेडमध्ये थोडेच दिवस होता. काम घेत होता, पण हात फिरवताना आता तो फार वेळ लावायचा, आणि कधी कधी तिथंच थांबून राहायचा. एके दिवशी हातोड्या दिलावरच्या ताब्यात देऊन तो गेला. गावाकडं गेला असणार असं आम्ही धरून चाललो. दिलावरनं शेडमध्ये दुसरा कारागीर ठेवला. तो झपाझप काम करतो, गिऱ्हाइकांना आवडतो. त्याच्या हातोड्यानंही माझी कात्री थरथरते, पण काय चाललंय ते मला आवाजावरनं कळत नाही.

गेल्या सीझनला मी भाचीच्या बारशाला एसटीनं गारगोटीला चालले होते. दिवस मावळायला आला होता. उसाच्या गाड्यांमागं अडकत अडकत आमची बस बिद्रीच्या पुढं आली. शालनचं घर येणार म्हणून मी खिडकीशी सरकून बसले. बॉनेट भिंतीला होतं. त्याला आता सगळीकडनं गंज चढला होता.

घर मागं पडलं आणि थोड्या अंतरावर ड्रायव्हरनं जोरात हॉर्न दिला. समोर मातीच्या पट्टीवरनं एक माणूस पाठमोरा चालला होता. उंच, खांद्यात वाकलेला. ड्रायव्हर वैतागून काहीतरी पुटपुटला. कंडक्टर म्हणाला, "जाऊ दे की, रोजचंच हाय त्येचं."

"कोण आहे तो?" मी विचारलं. मला माहीत होतं.

"काय म्हाईत. बिद्रीत खोली घिऊन ऱ्हातोय. गाड्यांची वर्दळ झाली की हितनं चालत सुटतो. कवा उजव्या अंगानं चालत न्हाय, गाडी समोरनं दिसंल असं. कायम गाडीकडं पाठ करून."

मी खिडकीची काच सरकवायला गेले. तिची चौकट गंजून जाम झाली होती. समोरून ट्रॅक्टर आला म्हणून आमची बस डावीकडं दाबली, आणि तो अगदी माझ्या खिडकीखाली आला. सिद्धाप्पाच होता. तो वळला नाही, बाजूला झाला नाही. फक्त जागेवर थांबला. खांदे वर ओढलेले, डोळे गच्च मिटलेले, पाठीत काहीतरी बसणार आहे आणि ते चुकवायचं नाही, असा.

बस त्याला घासून पुढं गेली. मी मागच्या काचेकडं धावले. धुरळ्यात त्यानं डोळे उघडले, बस गेलेल्या दिशेला थोडा वेळ बघितलं, आणि पुन्हा चालायला लागला.